धुक्यातून उडताना

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून पहाटेची विमानं नेणाऱ्याची धुक्यापासून सुटका नाही. नवे वैमानिक विचारतात, दिसतच नाही तर उडायला शिकायचं तरी कशाला? वर्षानुवर्षं हेच शिकवत आल्यावर जे पटलं ते असं.

१. आधी सराव थांबण्याचा. विमान उचलणं त्या मानानं सोपं. व्ही-वनच्या, म्हणजे ज्याच्या पुढे उड्डाण सोडून थांबता येत नाही त्या वेगाच्या, जवळ येताना वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो. समोर १२५ मीटर दिसत असेल, तर तेवढी धावपट्टी दोन सेकंदांच्या आत मागे पडते. मध्यरेषेचे दिवे पंधरा मीटरला एक, म्हणजे डोळ्यांसमोर जेमतेम आठ. अशात एक इंजिन गेलं की नाक त्या बाजूला वळतं आणि तेवढ्या आठ दिव्यांच्या आधारानं विमान सरळ धरून थांबवायचं असतं. शेवटच्या ९०० मीटरला दिवे लाल-पांढरे होतात, अखेरच्या ३०० मीटरला नुसते लाल. हे सिम्युलेटरमध्ये कंटाळा येईपर्यंत करावं.

२. वेग वाढताना कानातली संतुलनाची यंत्रणा फसते. नाक फार वर गेलं असं वाटतं आणि हात ते खाली दाबायला बघतो. नजर कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणावरच हवी.

३. जमिनीवर जास्त घाबरावं. १९७७ मध्ये टेनेरिफला धुक्यात दोन जंबो धावपट्टीवरच आदळली, ५८३ माणसं गेली. २००१ मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर छोटं विमान वाट चुकून धावपट्टीवर आलं, ११८ मृत्यू. जागेबद्दल जरा शंका आली, तर ब्रेक लावून टॉवरला विचारावं. त्यात कसली लाज?

४. निघालो तिथे परत उतरता येणार नसेल, तर एका इंजिनावर तासाभरात गाठता येईल असा विमानतळ आधीच ठरवावा लागतो. दिल्लीहून निघताना जयपूर बघायचं. तिथेही धुकं आणि दुसरं काही जवळ नाही, तर बसून राहायचं. प्रवासी चिडतात, चिडू देत.

५. एका इंजिनाच्या छोट्या विमानात बाहेरचं झाकणारा हुड लावून, शेजारी प्रशिक्षक बसवून सराव जरूर करा. खऱ्या धुक्यात मात्र निघू नका. अमेरिकेत खासगी उड्डाणात उपकरणांच्या नियमांनुसार (आयएफआर) निघताना किमान दृश्यमानतेची अट नाही. कायद्याला चालतं, मला चालत नाही. इंजिन बंद पडलं तर उतरायला शेत दिसावं लागतं. उत्तरेतलं धुकं बहुतेक दिवशी दुपारपर्यंत विरतं, तोवर चहा घ्या.