तळ्यांतील तण आणि तें काढणारें यंत्र

ज्या गांवाला तळें आहे त्यास आपल्या तळ्याचें मोल सहसा कळत नाहीं. तें नाहींसें होऊं लागल्यावर कळतें. पाणी आटून तळें गेलें तर तें सर्वांच्या डोळ्यांस दिसतें. परंतु पाणी असून त्यावर हिरवें आच्छादन पसरलें, तर पाहणारास कित्येक दिवस तें शोभेचेंच वाटतें. जांभळट फुलांनीं भरलेलें तळें पाहून तुमच्यापैकीं पुष्कळांनीं त्याचें कौतुकही केलें असेल. तें फूल जलपर्णीचें. अशा तणानें व्यापलेलें लहान तळें मोठ्या यंत्राच्या साहाय्यानें कसें साफ करावें, आणि तसें करूनही पुष्कळदां यश कां येत नाहीं, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊं. जलपर्णीचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंत, अमेझॉन नदीच्या खोऱ्यांत आहे. फुलांच्या सौंदर्यामुळें लोकांनीं तिला देशोदेशींच्या बागांत नेलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्यें येऊन पोंचली. तेथील जलमार्ग व भातशेतें तिनें इतकीं व्यापिलीं कीं, १९३६ सालीं तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. तिच्या देठाचा फुगीर भाग कापून पाहिल्यास आंत स्पंजासारखे हवेचे कप्पे दिसतात; त्यांमुळें ती तरंगते. खालीं लोंबणारीं पिसांसारखीं मुळें पाण्यांत विरघळलेलें खत शोषून घेतात. बाजूला आडवा धुमारा फुटून त्याच्या टोंकास नवें रोप धरतें, आणि तें तुटून वेगळें झालें तरी जगतें. ऊन व खत भरपूर असल्यास सुमारें दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होते. शिवाय तिचें बीं गाळांत पंधरा-वीस वर्षें जिवंत राहूं शकतें.

तिच्या दाट आच्छादनाखालीं ऊन पोंचत नाहीं, म्हणून पाण्यांतील इतर वनस्पतींस प्राणवायु निर्माण करतां येत नाहीं. मेलेलीं पानें तळाशीं कुजतांना उरलासुरला प्राणवायुही खर्च होतो, आणि मासे गुदमरतात. कांहीं जातींच्या डांसांच्या अळ्या तर अशा तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना चिकटून त्यांतूनच हवा घेतात. त्यामुळें पाण्यावर तेल टाकूनही त्यांचा नाश होत नाहीं.

दुसरें तण कांठावरचें. विदर्भांत त्यास बेशरम म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. कारण तोडून टाकलेला तुकडा ओल्या जमिनीवर पडला कीं पुन्हां मूळ धरतो. हेंही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतून आलेलें. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, आणि भुकेपोटीं शेळ्यांनीं तें सतत खाल्लें तर त्यांस विषबाधा होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुने तलाव पुष्कळ असून त्यांतील अनेकांच्या बांधणीचें श्रेय कोहळी समाजाकडे जातें. १९५० सालच्या कायद्यानें मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले, म्हणून त्यांस आतां माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गाळानें व बेशरमानें त्यांतील कित्येकांची रया घालविली, आणि तेथील मासळीवर ज्यांचें पोट होतें त्या ढिवर कुटुंबांची मिळकत घटली. तळ्यांतील तण हा केवळ शोभेचा प्रश्न नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां थोडें गणित करूं. दाट जलपर्णीचें वजन एका चौरस मीटरमागें २५ किलो धरावें. एका एकरांत सुमारें ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे एक एकराच्या तळ्यावर सुमारें १०१ टन तण झालें. त्यांतील शंभरांत सुमारें ९५ भाग पाणीच असतें, परंतु काढतांना तें सर्व ओझें उचलावेंच लागतें. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनें एका खेपेस ३ टन नेलें, तर ३४ खेपा होतील. कमरेइतक्या पाण्यांत उभें राहून दहा-वीस माणसांनीं हें काम हातांनीं करावयाचें म्हटल्यास कित्येक आठवडे लागतील. आणि तीं एका टोंकास तण काढीत असतां दुसऱ्या टोंकास तें वाढत असेल. म्हणून येथें यंत्राचें साहाय्य घेणें योग्यच आहे.

पोलादी पट्ट्यांवर चालणारें व लांब हाताचें खोदयंत्र, ज्यास लोक पोकलेन म्हणतात, तें या कामास चांगलें. चाकांवर चालणारा जेसीबी ओल्या कांठावर रुतण्याचा संभव अधिक असतो. पट्ट्यांमुळें यंत्राचा भार पुष्कळ जागेवर वांटला जातो. रुंद पायाचा उंट वाळूंत रुतत नाहीं, तोच हा नियम. काम कसें करावें तें क्रमानें सांगतों.

(१) वेळ. वैशाख किंवा ज्येष्ठाचा आरंभ उत्तम. त्या वेळीं पाणी कमी होऊन कांठ कोरडे पडतात व यंत्रास उभें राहावयास घट्ट जमीन मिळते.

(२) पाहणी. यंत्र येण्यापूर्वीं बांबूनें गाळाची खोली मोजून ठेवावी. कमळें, शिंगाडा व पाण्याखालच्या देशी वनस्पति ज्या भागांत असतील तेथें खुणेच्या काठ्या रोवाव्या आणि तो भाग यंत्रचालकास समक्ष दाखवावा. सर्वच हिरवें तें तण नव्हे, हें त्याला कोणीं तरी सांगितलें पाहिजे.

(३) जलपर्णी ओढणें. साधारण पोकलेनचा हात कांठापासून आठ-नऊ मीटरांवर फारसा पोंचत नाहीं. म्हणून जाड दोरास बांबूचे तुकडे बांधून तो तळ्यावर आडवा तरंगत ठेवावा, आणि दोन्ही कांठांवरील माणसांनीं तो ओढीत तणाचा थर यंत्राकडे आणावा. वारा त्या दिशेचा असेल तर निम्में काम तोच करतो. यंत्राचें बकेट फटी असलेलें घ्यावें, म्हणजे पाणी व लहान मासे खालीं पडून तण तेवढें वर येतें.

(४) खणण्याची मर्यादा. यंत्राच्या बळाबरोबर मोहही येतो. तळें आणखी खोल करावें असें पुष्कळांस वाटतें. परंतु गाळाखालीं जो चिकण मातीचा थर असतो, तोच पाणी धरून ठेवतो. तो फोडून बकेट मुरुमांत गेलें, तर तण जाईल व पाणीही जाईल. म्हणून मोजलेल्या गाळाच्या खालीं खणूं नये. बांधाच्या माथ्यावरून जड यंत्र नेऊं नये व बांधाच्या पायथ्याशीं खणूं नये.

(५) बेशरम. तें कोरड्या जमिनींतून मुळासकट उपटावें. पट्ट्यांखालीं चिरडलें तर एका झाडाचे शंभर तुकडे होतात, आणि पाऊस पडतांच त्यांतील पुष्कळ रुजतात. उपटल्यानंतर माणसांनीं मागून फिरून तुकडे वेंचावे व पाण्यापासून दूर नेऊन पूर्ण वाळवावे.

(६) सावधगिरी. यंत्राचा हात फिरतो त्या वर्तुळांत कोणीही उभें राहूं नये. चालकास पाठीमागचें दिसत नाहीं. वरून विजेच्या तारा जात असतील तर तेथें यंत्र लावूं नये. तळ्यावर यंत्र आलें कीं मुलांची गर्दी होते. त्यांना बांधापलीकडे ठेवण्यासाठीं एक जबाबदार मनुष्य नेमावा. आणि खणलेल्या जागीं पूर्वींची उथळ जागा आतां खोल झाली असेल, ही गोष्ट पालकांनीं पोहणाऱ्या मुलांस बजावून सांगावी.

काढलेलें तण कांठावरच ढीग घालून ठेवणें ही नेहमींची चूक होय. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर तें परत पाण्यांत जातें. तें उताराच्या पलीकडल्या बाजूस पसरून उन्हांत सुकवावें. वजन पुष्कळ घटतें व वाहतुकीचा खर्च वांचतो. त्याचें कंपोस्ट खत चांगलें होतें. मात्र तळ्यांत कारखान्याचें पाणी येत असेल, तर जलपर्णीनें त्यांतील विषारी धातु शोषून घेतलेले असतात. अशा तणाचें खत भाजीपाल्यास घालूं नये व तें गुरांपुढें टाकूं नये. स्वच्छ गाळ शेतांस उपयोगी पडतो. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेचें तत्त्व हेंच आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. समजा, यंत्रानें शंभरांतील ९९ भाग जलपर्णी काढली व १ भाग कोपऱ्यांत राहिला. दोन आठवड्यांनीं त्याचे २ भाग होतील, मग ४, ८, १६, ३२. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस ६४, आणि चौदावा आठवडा संपण्यापूर्वींच तळें पुन्हां झांकलें जाईल. ज्येष्ठांत साफ केलेलें तळें भाद्रपदांत पूर्ववत् होतें तें यामुळें. लोक यंत्रास किंवा कंत्राटदारास दोष देतात. वास्तविक यंत्रानें आपलें काम केलेलें असतें. तो शेवटचा एक भाग यंत्रास दिसत नाहीं. तो माणसाच्या डोळ्यांनीं शोधून माणसाच्या हातांनींच काढावा लागतो, आणि गाळांतलें बीं रुजत राहतें म्हणून तें काम पुढेंही आठवड्यांमागून आठवडे चालवावें लागतें.

दुसरें कारण पाण्यांतील खत. घरांचें सांडपाणी व शेणाचा निचरा तळ्यांत येत राहिला, तर आपण एका हातानें तण काढतों व दुसऱ्या हातानें त्यास पोसतों. शोषखड्डे करून तें पाणी अडविल्यावांचून तळें निर्धास्त होत नाहीं. जलपर्णी खाणारे लहान भुंगेरे १९८० च्या दशकांत भारतांत आणून बंगळूरच्या परिसरांत सोडण्यांत आले. त्यांचा उपयोग होतो, परंतु परिणाम दिसण्यास वर्षें लागतात. लहान तळ्यास हात व डोळे हाच जवळचा उपाय. भंडारा-गोंदियाकडे कांहीं मच्छीमार संस्थांनीं व ढिवर स्त्रियांनीं बेशरम उपटून, तलावाचा तळ नांगरून, पाण्याखालीं वाढणाऱ्या देशी वनस्पति पुन्हां लावल्या आहेत. रिकामी जागा तणास मिळूं नये व माशांस आसरा मिळावा, असे दोन्ही हेतु त्यांत साधतात.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, गांवांत तळ्यासाठीं वर्गणी गोळा होईल तेव्हां यंत्राच्या तासांबरोबर वर्षभराच्या राखणीचाही हिशेब मांडावा, आणि त्यासाठीं कांहीं रक्कम प्रथमच बाजूस काढून ठेवावी. विद्यार्थ्यांनीं जलपर्णीचें एक रोप वडील माणसाकडून काढवून घेऊन ओलें असतां तोलावें, उन्हांत पूर्ण वाळवून पुन्हां तोलावें, आणि शंभरांत किती भाग पाणी गेलें तें वहींत लिहावें. तसेंच दर आठवड्यास कांठावरून पाहून, नवीं रोपें किती व कोठें दिसलीं तें टिपावें व मोठ्यांस सांगावें. असें वर्ष पार पडून पुढच्या भाद्रपदांत पाणी मोकळें दिसलें, म्हणजे तळें साफ झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं.