जमीन पाण्यावर तरंगते काय?

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जमीन का हलते, हा प्रश्न भिक्खू आनंदानेही तथागतांना विचारला होता. महापरिनिब्बान सुत्तात त्याची आठ कारणे येतात. पहिले असे की, पृथ्वी पाण्यावर व पाणी वायूवर आधारलेले आहे. वायू खवळला की पाणी हलते आणि पाण्याबरोबर पृथ्वी. त्या काळी निसर्गातले कारण सांगितले गेले, हेच मोठे. पण कालामांना 'तपासून घ्या' म्हणणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी. तेव्हा हेही तपासू.

रेशनच्या रांगेत मागून धक्का बसला की तो पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो, मागचा मात्र जागीच राहतो. पदार्थाच्या कणांचेही तसेच. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर, पाण्यात 1,500 मीटर, तर पोलादात 5,000 मीटरहून अधिक जातो. पोलाद जड म्हणून नव्हे, ताठर म्हणून! नुसता जडपणा लहरीला उलट मंदच करतो.

भूगर्भात खडक एकाएकी सरकला की दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहर पुढे-मागे दाबत जाते, कठीण खडकात सेकंदाला पाच-सहा किलोमीटर. दुय्यम लहर आडवे हेलकावे देत तीन-साडेतीन किलोमीटरने येते. द्रवाला स्वतःचा आकार धरून ठेवता येत नाही, म्हणून ही दुसरी लहर द्रवातून जातच नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1897 च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या आणि 1906 मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. तो गाभा द्रव असल्याचे 1926 मध्ये हॅरोल्ड जेफ्रीज यांनी मांडले. पण हा द्रव सुमारे 2,900 किलोमीटर खोल आहे, आणि तो पाणी नसून वितळलेले लोखंड आहे. त्याच्या वरच्या थरांतून दुय्यम लहरी आरपार येतात. जमीन पाण्यावर तरंगत असती तर त्या आल्याच नसत्या.

दोन्ही लहरींत दर आठ किलोमीटरला साधारण एका सेकंदाचे अंतर पडते. किल्लारीत भूकंपाचे केंद्र पायाखालीच होते, त्यामुळे जाग येण्याइतकाही अवधी मिळाला नाही. भिंती जाड दगडांच्या, पण मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांत न गुंतलेला, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार. आडवा हेलकावा बसताच दोन्ही पदर सुटले. भूकंपरोधक बांधकामात म्हणूनच भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालतात आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा देतात.