न सापडलेल्या क्लासचा शोध

संगणकाची आज्ञावली लिहून झाली म्हणजे ती लगेच वापरण्याजोगी होते असे नाही. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला उमगेल अशा रूपात भाषांतर करावे लागते. इतरांनी आधीच तयार करून ठेवलेले जे भाग तिला लागतात ते गोळा करावे लागतात. आणि या सर्वांची जुळणी करून तिच्या चाचण्या घ्याव्या लागतात. या सबंध प्रक्रियेला ‘बिल्ड’ किंवा बांधणी असे म्हणतात. बांधणीचे आधीचे टप्पे सुरळीत पार पडावेत आणि चाचणीच्या टप्प्यावर मात्र ‘अमुक क्लास सापडला नाही’ एवढे सांगून काम थांबावे, हा प्रोग्रामरांच्या नित्याच्या अनुभवाचा भाग आहे.

हा संदेश दिसतो तितका सरळ नाही. त्याचा शब्दशः अर्थ घेणारा मनुष्य हरवलेली वस्तू धुंडाळू लागतो. पण पुष्कळदा ती वस्तू संगणकात जागच्या जागी असते आणि त्याची गत ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ अशी होते. तो क्लास कोणी शोधला, कोणत्या यादीच्या आधारे शोधला आणि केव्हा शोधला, हे तीन प्रश्न आधी विचारले तर शोधाची दिशा चुकत नाही. जावा या भाषेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करता येईल.

क्लास आणि त्याचा पत्ता

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जाहीर केली. २०१० साली ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली. जावातील आज्ञावली लहान लहान घटकांत विभागलेली असते. अशा घटकाला क्लास म्हणतात. कंपायलर हा या व्यवस्थेतील भाषांतरकार होय. तो प्रत्येक क्लासचे भाषांतर करून ते स्वतंत्र फाइलीत ठेवतो. अशा अनेक फाइली एकत्र बांधल्या म्हणजे तयार होणाऱ्या गठ्ठ्याला जार फाइल असे नाव आहे. भाषांतरित क्लास प्रत्यक्ष चालविण्याचे काम ‘आभासी यंत्र’ करते. हे यंत्र म्हणजे वस्तुतः दुसरी एक आज्ञावलीच असते.

क्लासचे पूर्ण नाव ठिपक्यांनी जोडलेल्या अनेक शब्दांचे असते. शेवटचा शब्द फाइलीचे नाव सांगतो आणि त्याआधीचे शब्द एकात एक असलेल्या फोल्डरांची नावे सांगतात. म्हणजे नावातच पत्ता असतो. मात्र तो अपुरा असतो. गल्ली आणि घर ठाऊक असावे, पण गाव कोणते ते ठाऊक नसावे, तशी ही स्थिती आहे. गावांची यादी आभासी यंत्राला वेगळी द्यावी लागते. या यादीला क्लासपाथ असे म्हणतात. यंत्र यादीतील ठिकाणे क्रमाने पाहत जाते आणि ज्या ठिकाणी क्लास प्रथम आढळेल तेथे थांबते. यादीत नसलेल्या ठिकाणी तो असला काय आणि नसला काय, यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आभासी यंत्र सर्व क्लास आरंभीच गोळा करीत नाही. सामान्यतः जो क्लास जेव्हा प्रथम लागतो तेव्हाच तो आणला जातो. त्यामुळे यादीतील उणीव तत्काळ उघड होत नाही. आज्ञावली सुरू होते, काही काळ नीट चालते आणि एखाद्या विशिष्ट कामाच्या वेळीच अडते.

संदेशांतील भेद

या प्रकारचे दोन मुख्य संदेश आहेत आणि त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ हा पहिला. आज्ञावली चालू असताना तिने एखाद्या क्लासची नाव घेऊन मागणी केली आणि तो मिळाला नाही, असे हा संदेश सांगतो. असे नाव बहुधा मांडणीच्या एखाद्या फाइलीत नुसत्या शब्दाच्या रूपाने लिहिलेले असते. कंपायलरने ते कधी तपासलेलेच नसते. साहजिकच साधा लेखनदोषही चाचणीपर्यंत दडून राहू शकतो.

‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ हा दुसरा. भाषांतराच्या वेळी जो क्लास कंपायलरसमोर होता, तो चालविण्याच्या वेळी यंत्रासमोर नाही, असा याचा सर्वसाधारण अर्थ होय. भाषांतराची यादी आणि चालविण्याची यादी जुळत नाहीत, हे येथे उघड होते. तथापि याच संदेशाचे एक फसवे रूपही आहे. त्यात ‘क्लासची प्रारंभिक तयारी होऊ शकली नाही’ असे शब्द असतात. अशा वेळी क्लास सापडलेला असतो; पण त्याच्या पहिल्या वापराच्या वेळी त्याची तयारी बिघडलेली असते. बिघाडाचे मूळ कारण त्याआधीच्या संदेशात नोंदलेले असते. म्हणून अनुभवी प्रोग्रामर शेवटच्या संदेशावर न थांबता मागे जातो आणि पहिला संदेश शोधून काढतो.

चाचणीच्याच वेळी अडचण का येते?

जावाच्या बांधणीसाठी मेव्हन आणि ग्रेडल ही साधने विशेष प्रचलित आहेत. मेव्हनच्या व्यवस्थेत मुख्य आज्ञावली एका फोल्डरात आणि तिच्या चाचण्या दुसऱ्या फोल्डरात असतात. दोहोंचे भाषांतर वेगवेगळे होते आणि दोहोंच्या याद्याही वेगळ्या असतात. बाहेरून आणलेली एखादी लायब्ररी केवळ चाचणीपुरती हवी असेल तर तशी नोंद करता येते. मग ती मुख्य आज्ञावलीच्या यादीत येत नाही. याउलट, एका विभागाच्या चाचणी-फोल्डरातील साहाय्यक क्लास दुसऱ्या विभागाच्या चाचण्यांनी वापरला, तर तो नेहमीच्या जार फाइलीत नसल्यामुळे त्यांना मिळत नाही. त्यासाठी चाचण्यांची वेगळी जार फाइल करावी लागते. प्रोग्रामर ज्या संपादकात काम करतो तो कधी कधी सर्व फोल्डर एकाच यादीत घालतो. मग त्याच्या मेजावर चालणारी चाचणी बांधणीच्या वेळी अडखळते.

लायब्ररीच्या अंतर्गत रचनेत झालेला बदलही हाच परिणाम घडवितो. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ साली जेयुनिट हे चाचण्यांचे साधन तयार केले आणि ते जावाच्या जगात सर्वत्र रूढ झाले. त्याला हॅमक्रेस्ट नावाच्या लायब्ररीतील काही क्लास लागतात. पूर्वी ते जेयुनिटच्या जार फाइलीतच अंतर्भूत असत. २०१२ साली आलेल्या ४.११ या आवृत्तीपासून ते वगळण्यात आले. मेव्हन वापरणाऱ्यांना हॅमक्रेस्ट आपोआप मिळत राहिले, कारण जेयुनिटच्या नोंदीतच तशी गरज नमूद होती. ज्यांनी जुनी जार काढून नवी हाताने ठेवली, त्यांच्या चाचण्या मात्र हॅमक्रेस्टचा क्लास सापडत नसल्याचे सांगून थांबल्या.

एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या दोन वाटांनी आल्या असता एकीची निवड करावी लागते. मेव्हन अवलंबनाच्या साखळीत जी अधिक जवळ असेल ती घेतो. ग्रेडल सामान्यतः अधिक नवी घेतो. जुनी आवृत्ती निवडली गेली आणि हवा असलेला क्लास नव्या आवृत्तीतच प्रथम आलेला असला, तर लायब्ररी उपस्थित असूनही क्लास अनुपस्थित ठरतो.

क्वचित क्लास खरोखरच नाहीसा झालेला असतो. एक्सएमएल मजकुराशी व्यवहार करणारा ‘जॅक्स-बी’ हा संच पूर्वी जावाबरोबरच मिळत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून तो काढून टाकण्यात आला. तो गृहीत धरून लिहिलेल्या आज्ञावल्यांना त्यानंतर तो स्वतंत्र लायब्ररी म्हणून मागवावा लागला.

२०१८ मधील एक प्रसंग

ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर असंख्य बांधण्या अकस्मात बंद पडल्या. आदल्या दिवशी यशस्वी झालेली बांधणी, एक अक्षरही न बदलता, दुसऱ्या दिवशी अयशस्वी होऊ लागली. ‘फोर्क्ड बूटर’ हा क्लास सापडत नाही, असा संदेश येत होता. हा क्लास प्रोग्रामरांनी लिहिलेला नव्हता. मेव्हनच्या वतीने चाचण्या चालविणाऱ्या शुअरफायर या साधनाचा तो क्लास होता आणि तो संगणकात यथास्थित उपलब्ध होता.

या घटनेचे कारण समजण्यासाठी शुअरफायरची कार्यपद्धती पाहिली पाहिजे. चाचण्यांसाठी ते एक वेगळे आभासी यंत्र सुरू करते आणि त्या यंत्राला ठिकाणांची यादी पुरविते. ही यादी फार लांब असू शकते आणि आज्ञेच्या लांबीला तर मर्यादा असतात. म्हणून शुअरफायर एक तात्पुरती जार फाइल तयार करीत असे. तिच्यात एकही क्लास नसे. ‘मॅनिफेस्ट’ नावाचे सूचीपत्र तेवढे असे आणि त्यात सर्व ठिकाणांचे पत्ते लिहिलेले असत. हे पत्ते डिस्कच्या मुळापासून सुरू होणारे, म्हणजे पूर्ण स्वरूपाचे होते. जार फाइलीच्या नियमांनुसार ते त्या फाइलीच्या स्थानाच्या संदर्भाने लिहिणे अपेक्षित होते. पण यंत्र पूर्ण पत्तेही चालवून घेत असल्यामुळे कोणाला अडचण आली नव्हती. डेबियन आणि उबुंटू यांनी दिलेल्या जावा ८ च्या नव्या सुरक्षा-आवृत्तीत या पत्त्यांची कडक तपासणी सुरू झाली. पूर्ण पत्ते नाकारले जाऊ लागले, सूचीपत्र निरुपयोगी ठरले आणि यंत्राला पहिलाच क्लास मिळेना.

तात्पुरता उपाय म्हणून शुअरफायरच्या मांडणीत एक नोंद बदलून सूचीपत्राचा मार्ग टाळण्यात आला. कायमची दुरुस्ती शुअरफायरच्या ३.०.० या मालिकेच्या पहिल्याच टप्प्यात झाली. तेथे पत्ते सापेक्ष स्वरूपात लिहिले जाऊ लागले. ज्यांनी आपल्याच आज्ञावलीत दोष शोधला त्यांचे श्रम वाया गेले. ज्यांनी ‘हा क्लास कोण शोधतो आहे’ आणि ‘कालपासून आपल्या मजकुराव्यतिरिक्त काय बदलले’ असे विचारले, ते लवकर उत्तरापर्यंत पोहोचले.

शोधाची रीत

वरील विवेचनावरून शोधाची एक रीत निश्चित करता येते. प्रथम संपूर्ण संदेश वाचून न सापडलेल्या क्लासचे पूर्ण नाव टिपून घ्यावे. तो क्लास आपला, लायब्ररीचा की बांधणीच्या साधनाचा, हे नावाच्या आरंभीच्या शब्दांवरून बहुधा कळते. त्यानंतर शोध घेणारा कोण हे ठरवावे: कंपायलर, संपादक की चाचण्यांसाठी सुरू झालेले स्वतंत्र यंत्र?

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. यादी कशी असेल याचा तर्क न करता ती प्रत्यक्ष छापून पाहावी. कोणती लायब्ररी कोणामुळे आली हे मेव्हनकडून वृक्षाच्या आकृतीत मांडून मिळते. प्रत्येक क्लास कोणत्या ठिकाणाहून उचलला हे सांगण्याची सूचना आभासी यंत्रालाही देता येते. यादीतील जार फाइल उघडून तीत तो क्लास आहे की नाही हे पाहावे आणि नावातील लहानमोठी अक्षरेही तपासावीत. विंडोजमध्ये फाइलीच्या नावातील लहानमोठ्या अक्षरांचा भेद सहसा मानला जात नाही. लिनक्समध्ये तो मानला जातो.

नंतर पूर्वीच्या भाषांतरित फाइली पुसून बांधणी नव्याने करावी. पुसून टाकलेल्या मजकुराचे जुने भाषांतर शिल्लक राहिल्यामुळे एका संगणकावर चाचणी चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, असे अनेकदा घडते. दिसेल ती जार यादीत भरण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. यादीत जो क्लास प्रथम आढळतो तोच उचलला जात असल्यामुळे अशी भर आजचा संदेश घालविते आणि उद्यासाठी अधिक गूढ दोष मागे ठेवते.

न झालेली चाचणी

क्लास सापडला नाही म्हणून थांबलेली चाचणी आणि अयशस्वी झालेली चाचणी यांत मोठे अंतर आहे. अयशस्वी चाचणी आज्ञावलीविषयी काही तरी सांगते. थांबलेली चाचणी काहीच सांगत नाही. आज्ञावली ग्राहकाला देण्याची मुदत जवळ आली असता चाचण्या वगळून बांधणी पुरी करण्याची सोय मेव्हनमध्ये आहे आणि तिचा आधार घेण्याचा मोह होतो. तसे केले म्हणजे संदेश नाहीसा होतो; पण आज्ञावली बरोबर आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते.

याहून धोकादायक अवस्था कोणताही संदेश न येण्याची होय. २०१७ साली जेयुनिटची ५ ही आवृत्ती आली. तिच्या चाचण्या ओळखण्याची अंगभूत सोय शुअरफायरमध्ये २०१८ सालच्या २.२२.० या आवृत्तीपासून झाली. त्यापूर्वीच्या शुअरफायरवर, वेगळी जोडणी केली नसेल तर, नव्या पद्धतीच्या चाचण्या ओळखल्याच जात नसत. चाललेल्या चाचण्यांची संख्या शून्य दाखविली जाई आणि बांधणी यशस्वी म्हणून घोषित होई. म्हणूनच दोष दूर झाल्यावर ‘यशस्वी’ हा शब्द पाहून समाधान मानू नये. किती चाचण्या चालल्या तो आकडा वाचावा आणि तो पूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावा. आकडा जुळला म्हणजेच शोध पुरा झाला असे म्हणता येईल.