लक्षणे विचारणारे यंत्र आणि उपनगरांतील दवाखाना

अंधेरी, बोरीवली, घाटकोपर आणि मुलुंड या उपनगरांतील महापालिकेच्या दवाखान्यांत केसपेपर काढून झाला, की रुग्णाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘काय होतंय?’ हा. कोणाला औषध देऊन घरी पाठवावे, कोणाची थुंकी तपासावी आणि कोणाला तातडीने कूपर, राजावाडी किंवा भगवती रुग्णालयाकडे धाडावे, याची दिशा या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरू लागते. रांग मोठी आणि डॉक्टरांचा वेळ थोडा, अशा ठिकाणी निदान ही पहिली विचारपूस तरी संगणकाकडे सोपवता येईल काय, असा विचार आता सार्वजनिक आरोग्ययंत्रणेत गांभीर्याने होऊ लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी जी साधने या कामासाठी पुढे येत आहेत, त्यांचे मोजमाप कसे करावे हे समजून घेणे त्यामुळे अगत्याचे झाले आहे.

ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डोंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटात एकाएकी तीव्र दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांची लक्षणे संगणकाला पुरवली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार संगणकाचे निदान ९१.८ टक्के, तर वरिष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के बरोबर आले. या यशाचे मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. तक्रार एकच होती, रुग्णालय एकच होते आणि माहितीचा तक्ता डॉक्टरांनी रुग्णाच्या पोटावर हात ठेवून, तपासून भरला होता. पुढे कोणत्याही तक्रारीसाठी कोणालाही घरबसल्या वापरता येतील असे कार्यक्रम निघाले, तेव्हा चित्र पालटले. अशा २३ कार्यक्रमांची तपासणी ४५ नमुना-रुग्णांच्या आधारे करण्यात आली. तिचा निष्कर्ष २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. योग्य निदान यादीत पहिल्या क्रमांकावर आले ते केवळ ३४ टक्के वेळा, आणि रुग्णाने किती तातडीने कोठे जावे हा सल्ला बरोबर ठरला तो ५७ टक्के वेळा.

गोरेगावचा प्रयोग

अंधेरी आणि बोरीवली यांच्या दरम्यान असलेल्या गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन-संकुलात २०२० साली कोविड उपचार केंद्र उभारण्यात आले होते. त्याच वर्षी बृहन्मुंबई महानगरपालिकेने तेथे एक अभिनव प्रयोग हाती घेतला. रुग्णाच्या आवाजाचा नमुना मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रित करावयाचा आणि त्यावरून संगणकाने कोविडची शक्यता सांगावयाची, असे त्याचे स्वरूप होते. आज्ञावली व्होकॅलिस हेल्थ या इस्रायली कंपनीची होती. प्रारंभी एक हजार संशयित रुग्णांवर हा प्रयोग करण्याचे ठरले, आणि संगणकाचे उत्तर पडताळून पाहण्यासाठी नेहमीची आरटी-पीसीआर चाचणीही ठेवण्यात आली. पुढे कंपनीने सुमारे ८० टक्के अचूकता जाहीर केली.

ऐंशी टक्के हा आकडा ऐकावयास बरा वाटतो. त्याचा हिशेब मात्र मांडून पाहिला पाहिजे. समजा, एखादे साधन आजारी माणसांपैकी ८० टक्क्यांना अचूक ओळखते आणि निरोगी माणसांपैकीही ८० टक्क्यांना निरोगीच ठरवते. आता उपचार केंद्रात आलेल्या एक हजार संशयितांपैकी ५०० जण खरोखर आजारी आहेत असे धरू. साधन त्यांतील ४०० ओळखील आणि ५०० निरोग्यांपैकी १०० जणांना चुकीने आजारी म्हणेल. म्हणजे ज्या ५०० जणांना त्याने आजारी ठरविले, त्यांतील पाचांपैकी चार खरोखरच आजारी निघतील.

हेच साधन घेऊन आरोग्यसेविका एखाद्या वस्तीत घरोघरी गेली, आणि तेथील एक हजार माणसांत आजारी अवघे १० असले, तर काय होईल? दहांपैकी ८ सापडतील. परंतु ९९० निरोग्यांपैकी १९८ जणांवरही आजाराचा शिक्का बसेल. एकूण २०६ संशयितांत खरे आजारी ८, म्हणजे शंभरांत चारसुद्धा नाहीत! उरलेल्या १९८ जणांचा रोजगार बुडणार, त्यांच्या चाचण्यांचा भार प्रयोगशाळेवर पडणार. आणि दोन आजारी माणसे ‘आपणांस काही नाही’ अशा समजुतीने कामावर जाणार. साधनात काडीचाही बदल झालेला नाही. बदलली ती वस्ती. तेव्हा अचूकतेचा आकडा कोणी सांगितला, तर तो कोणत्या लोकांमध्ये काढला हे आधी विचारावयास हवे.

दुसरा प्रश्न याहून मूलभूत आहे. ब्रिटनमध्ये ६७,८४२ व्यक्तींच्या आवाजाचे व खोकल्याचे नमुने जमवून मोठा अभ्यास झाला. त्यांपैकी २३,५१४ जणांना कोविडची लागण झाल्याचे चाचणीतून निश्चित झाले होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रथमदर्शनी संगणक चांगलाच यशस्वी ठरला होता. परंतु वय, लिंग आणि लक्षणे सारखी असलेल्या बाधित व अबाधित व्यक्तींच्या जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा ते यश बरेचसे ओसरले. नमुने देणाऱ्या बाधितांत लक्षणे असणारे लोक अधिक होते, आणि संगणकाने बव्हंशी तेवढाच फरक टिपला होता. खोकला, ताप, वास न येणे याविषयी साधे प्रश्न विचारून जे कळते, त्यापलीकडे आवाजाच्या परीक्षणातून काही अधिक मिळाल्याचा पुरावा संशोधकांना आढळला नाही. ब्रिटनचा निष्कर्ष गोरेगावला जसाच्या तसा लागू करणे योग्य होणार नाही. तथापि कोणत्याही नव्या साधनाची तुलना आरोग्यसेविकेच्या हातातील एका पानाच्या प्रश्नावलीशी झालीच पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

ज्याला खोकला नाही तो रुग्ण

क्षयरोगाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे ही चार लक्षणे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोंडपाठ असतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत मात्र असे आढळले, की छातीची क्ष-किरण तपासणी केली नसती तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. लक्षणे असूनही सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचारासाठी कोठेही धाव घेतली नव्हती, हेही त्याच पाहणीतून कळले. प्रश्न कितीही चतुराईने विचारले, तरी ज्याला खोकला नाही आणि ताप नाही अशा रुग्णाचे उत्तर ‘नाही’ असेच येणार. तेथे लक्षणे विचारणाऱ्या यंत्राची मर्यादा संपते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत क्ष-किरण छायाचित्रांचे संगणकाकडून वाचन करण्यास मान्यता दिली. या क्षेत्रात मुंबईतीलच क्युअर डॉट एआय ही कंपनी काम करते. सांताक्रूझच्या कलिना येथे २०१८ साली उद्घाटन झालेल्या वाधवानी संस्थेने खोकल्याचा आवाज आणि लक्षणे यांवरून फुप्फुसाच्या क्षयाचा संशय नोंदविणारे साधन तयार केले असून, राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात त्याचा उपयोग करण्यात आला आहे. मात्र वर उल्लेखिलेल्या पाहणीप्रमाणे प्रौढांत क्षयाचे प्रमाण दर लाखास ३१६, म्हणजे हजारी सुमारे तीन एवढेच आहे. वस्तीतील मघाचा हिशेब येथे आणखी कठोर होतो. अशा साधनांचे काम संशय नोंदविण्याचे. निदान थुंकीच्या चाचणीनेच व्हावयाचे.

कणकण, पित्त आणि पावसाचे पाणी

यंत्राची आणखी एक अडचण भाषेची आहे. ‘ताप आहे काय?’ या प्रश्नाला ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोनच उत्तरे ठेवली, तर अंगात कणकण असलेल्या बाईने कोणते उत्तर निवडावे? ‘पित्त झालंय’ असे सांगणाऱ्या मधुमेही गृहस्थाची छातीतील जळजळ कधी हृदयविकाराचीही असू शकते. ‘दम लागतो’, ‘धाप लागते’ आणि ‘जीव घाबरा होतो’ हे तीन शब्दप्रयोग अनुभवी परिचारिकेला तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. इंग्रजीतून उतरविलेल्या प्रश्नावलीत त्या तिन्हींची गाठ ‘श्वसनाचा त्रास’ या एकाच रकान्यात पडते. घाटकोपर-मुलुंडकडे गुजराती, अन्यत्र हिंदी आणि तिच्या अनेक बोली बोलणारे रुग्णही आहेत. अशा प्रश्नावलीचे शब्द दवाखान्यातील परिचारिकांसमवेत बसून ठरविले गेले, तर पुष्कळ चुका टळतील.

स्थळकाळाचेही तसेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उपनगरांत ताप म्हटला की हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा एकत्र विचार करावा लागतो. २००५ च्या महापुरानंतर लेप्टोची मोठी साथ मुंबईने अनुभवली आहे. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन महापालिका पावसाळ्यात करीत असते. ‘गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चाललात काय?’ हा प्रश्न ज्या यंत्राला ठाऊक नाही, ते अंधेरीच्या भुयारी मार्गालगतच्या दवाखान्यात निरुपयोगीच म्हणावयाचे.

प्रश्नानंतरची व्यवस्था

लक्षणे विचारण्याचा सर्वांत मोठा उपक्रम उपनगरांनी पाहिला तो कोविडकाळात. केंद्र सरकारच्या एप्रिल २०२० मधील ‘आरोग्य सेतू’ आज्ञावलीत स्वतःची लक्षणे तपासून पाहण्याची सोय होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि पथके दारोदार जाऊन शरीराचे तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजू लागली. परंतु मुंबईचा नावलौकिक झाला तो त्या वर्षी महापालिकेच्या २४ प्रशासकीय विभागांत स्थापन झालेल्या नियंत्रण कक्षांमुळे. प्रयोगशाळेचा अहवाल त्या त्या विभागाकडे, म्हणजे अंधेरीचा के पूर्व वा के पश्चिमकडे, बोरीवलीचा आर मध्यकडे, घाटकोपरचा एनकडे आणि मुलुंडचा टीकडे जाई. तेथून रुग्णाला दूरध्वनी करून वय, लक्षणे व जुने आजार विचारले जात. हे प्रश्न अगदी साधे होते. मात्र त्यांच्यामागे रिकाम्या खाटांची यादी आणि रुग्णवाहिका उभी होती. यंत्राने अचूक संशय घेतला आणि क्ष-किरण तपासणीसाठी पंधरवड्यानंतरची तारीख मिळाली, तर त्या अचूकतेचा रुग्णाला काय लाभ?

जबाबदारीचा प्रश्न कायद्याने बराचसा सोडविला आहे. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित यंत्रणेला रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. नोंदणीकृत डॉक्टरला साहाय्य करण्यापुरतीच तिला परवानगी आहे. एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाच्या आज्ञावलीही वैद्यकीय उपकरणांच्या नियमनाखाली आल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली या विषयाची नैतिक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. ‘ई-संजीवनी’ या राष्ट्रीय दूरवैद्यक सेवेत रुग्णाच्या तक्रारी पद्धतशीर नोंदवून संभाव्य निदान सुचविणारी यंत्रणा जोडण्यात आली आहे. सूचना डॉक्टरांपुढे येते आणि निर्णय त्यांचा राहतो.

खरी जोखीम आहे ती यंत्राच्या ‘काही नाही’ या उत्तरात. रोजंदारीवरील माणूस ते उत्तर ऐकून घरी परततो आणि दवाखान्यात फिरकत नाही. यंत्राने संशय घेतला तर पुढील चाचणीत चूक उघड होते. संशय घेतला नाही तर ती कोणाच्याच नजरेस येत नाही. त्यासाठी ज्यांना यंत्राने निरोगी ठरविले, अशांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडावे आणि त्यांचीही थुंकी किंवा क्ष-किरण तपासणी ठराविक काळाने करून पाहावी, हा उपाय उपयुक्त ठरेल. त्याचा खर्च साधनाच्या खरेदीतच धरावा लागेल. केसपेपरवर यंत्राचे उत्तर, डॉक्टरांचा निर्णय आणि चाचणीचा निकाल असे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवले, तर वर्षअखेरीस बोरीवलीच्या दवाखान्यातील आकडे मुलुंडच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.