दोराने चढणारी गाडी

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे गाव बालाघाटाच्या डोंगरावर वसले आहे. तेथील भवानीमातेच्या दर्शनास प्रथमच गेलेल्या यात्रेकरूस एका गोष्टीचे नवल वाटते. इतर अनेक देवस्थानी देवापर्यंत पोहोचण्यासाठी चढावे लागते. येथे महाद्वारातून आत पाऊल टाकले की पायऱ्या उतरावयाच्या असतात. कल्लोळतीर्थ व गोमुखतीर्थ यांवरून, निंबाळकर दरवाजातून, भाविक खाली देवळाच्या प्रांगणात येतो.

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत तुळजापूर, कोल्हापूर व माहूर ही तीन पूर्ण पीठे मानतात. उरलेले अर्धे पीठ नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात, वणीजवळच्या सप्तशृंग गडावर आहे. तेथील प्रकार तुळजापूरच्या अगदी उलट. नांदुरी गावापासून घाटरस्त्याने गडावरील वस्तीपर्यंत मोटार जाते. परंतु तेथून वर पाहावे, तर काळ्या पाषाणाचा उंच कडा उभा आणि त्या कड्यातच कोरलेली देवीची अठरा भुजांची भव्य मूर्ती. मूर्तीपर्यंत जावयाचे म्हणजे सुमारे पाचशे पायऱ्या चढणे आले. धडधाकट माणसाला त्यांचे काही वाटत नाही. पण गुडघ्यांनी दगा दिलेली आजी, हृदयविकाराने थकलेला गृहस्थ, पायाने अधू असलेले मूल यांनी काय करावे? कित्येकांनी गडावर यावे आणि पहिल्या पायरीवर नारळ ठेवून, तेथूनच हात जोडून परतावे. इ. स. २०१८ मध्ये या पायऱ्यांच्या जोडीला एक लहानशी रेल्वे सुरू झाली. तिला लोक ‘ट्रॉली’ म्हणतात; शास्त्रीय भाषेत तिचे नाव ‘फ्युनिक्युलर’ असे आहे. हा शब्द लॅटिन भाषेतील असून त्याच्या मुळाशी ‘दोरी’ हा अर्थ आहे.

साधी आगगाडीच अशा कड्यावर का नेऊ नये, असे कोणी विचारील. आगगाडीची चाके लोखंडाची आणि रूळही लोखंडाचे. या दोहोंमध्ये घर्षण फार थोडे असते. म्हणूनच सपाटीवर एक इंजिन शेकडो टन माल ओढू शकते. पण त्याच कारणाने चढ लागला की चाके जागच्या जागी घसरू लागतात. बोरघाटात मुंबई-पुणे लोहमार्ग ३७ फूट पुढे जातो, तेव्हा कोठे १ फूट वर चढतो; आणि एवढाही चढ रेल्वेच्या दृष्टीने फार मोठा समजतात. इ. स. १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची चिमुकली गाडी २० फुटांत १ फूट चढते. त्यासाठी तिला नागमोडी वळणे घेत सुमारे २१ किलोमीटरांची वाट चालावी लागते. धाराशिव जिल्ह्यातही अशी एक लहान गाडी होती. काल्थ्रोप नावाच्या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे बांधली. इ. स. १८९७ मध्ये ती प्रथम बार्शीपर्यंत धावली, आणि पुढे येडशीजवळ बालाघाट चढून इ. स. १९११ मध्ये लातूरला पोहोचली. तिच्या दोन रुळांत अवघे अडीच फुटांचे अंतर होते. अरुंद मार्गामुळे तिला डोंगरकुशीतून सहज वळता येई. आता तेथे रुंद मार्ग झाला आहे. या सर्व गाड्यांचा उपाय एकच : डोंगराला वळसा घालावयाचा. सरळ कड्यावर चढणे त्यांना शक्य नव्हते.

ते ज्या युक्तीने साधते, ती युक्ती मराठवाड्यातील शेतकऱ्याला परकी नाही. पूर्वी विहिरीवर मोट चाले, तिचे चित्र डोळ्यांपुढे आणा. चाकावरून नाडा गेलेला, त्याच्या एका टोकाला पाण्याने भरलेली चामड्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैलांची जोडी. बैल ज्या वाटेवरून चालत, तिला ‘धाव’ म्हणत. ही धाव सपाट नसे. विहिरीपासून दूर जाताना ती उतरती केलेली असे. भरलेली मोट वर यावयाची त्याच वेळी बैल उतारावरून खाली जात. म्हणजे बैलांच्या बळाला त्यांच्या वजनाचेही साहाय्य मिळे. एकाच्या उतरण्याने दुसऱ्याचे चढणे सोपे करावे, ही ती युक्ती. धावेचा उतार ज्याने प्रथम योजिला, त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. पण तो मोठा कल्पक असला पाहिजे.

आता बैल व मोट यांच्या जागी दोन डबे कल्पावे. दोन्ही डबे एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात. दोर वरच्या स्थानकातील एका प्रचंड चाकावरून जातो. एक डबा खाली असतो तेव्हा दुसरा वर असतो. एक चढू लागला की दुसरा उतरू लागतो. दोन्ही डब्यांचे वजन सारखे असल्याने ते एकमेकांना तोलून धरतात. समजा, चढणाऱ्या डब्यात ४० माणसे आहेत आणि उतरणाऱ्या डब्यात ३०. विजेच्या यंत्राला मुख्यतः वरच्या दहा माणसांचेच वजन ओढावे लागते, आणि थोडे घर्षण. इंजिन डब्यात नसल्यामुळे चाके घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. यदाकदाचित दोर तुटलाच, तर डब्याखालचे ब्रेक रुळाला घट्ट पकडून धरतात. डब्याची जमीनही पायऱ्यापायऱ्यांची करतात; त्यामुळे मार्ग तिरपा असला तरी आतील माणसे सरळ बसतात.

दोन डबे एकाच मार्गावर समोरासमोर आले, तर टक्कर व्हावयाची नाही काय? याचे उत्तर स्वित्झर्लंडमधील गीसबाख येथे इ. स. १८७९ मध्ये सापडले. डबे एकाच दोराचे असल्याने ते नेहमी बरोबर मध्यावरच भेटणार. तेव्हा तेवढ्या जागी मार्ग दुहेरी केला की पुरे. बाकी सर्व वाट एकेरी ठेवता येते.

पोर्तुगालमधील ब्रागा नगराजवळ तर विजेचेही साहाय्य घेत नाहीत. तेथे एका टेकडीवर ख्रिस्ती लोकांचे तीर्थक्षेत्र असून तेथवर लांबलचक जिना आहे. त्या जिन्याच्या शेजारी इ. स. १८८२ पासून एक दोरगाडी चालते. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात. तो जड होऊन उतरू लागतो आणि खालच्या डब्याला वर ओढतो. खाली पोहोचल्यावर ते पाणी सोडून देतात. मोटेत पाणी वर येत असे. येथे पाणी खाली जाते आणि माणूस वर येतो!

जपानात पहिली दोरगाडी इ. स. १९१८ मध्ये इकोमा पर्वतावर सुरू झाली. त्या पर्वतावरही एक प्रसिद्ध देऊळ आहे, आणि यात्रेकरूंची सोय हाच त्या गाडीचा हेतू होता. कोबे हे समुद्रकाठचे मोठे बंदर. त्याच्या पाठीशी माया नावाचा पर्वत उभा आहे. हे नाव भगवान बुद्धांची माता मायादेवी हिच्यावरून पडले, कारण तिच्या नावाचे मंदिर त्या पर्वतावर आहे. त्या मंदिराच्या वाटेवर इ. स. १९२५ मध्ये दोरगाडी धावू लागली. महायुद्धाच्या काळात, इ. स. १९४४ मध्ये, ती बंद पडली आणि अकरा वर्षांनी पुन्हा सुरू झाली. इ. स. १९९५ च्या भीषण भूकंपात कोबे शहराची वाताहत झाली, तेव्हा गाडीही थांबली. ती पुन्हा चालू होण्यास इ. स. २००१ साल उजाडले. आज रात्री पर्वतावरून खाली पाहिले म्हणजे शहराचे दिवे आणि त्यांच्यापलीकडचा काळोखा समुद्र दिसतो. केवळ ते दृश्य पाहण्यासाठी लोक वर जातात. टोकियोजवळच्या ताकाओ पर्वतावरील गाडी याहून अवघड वाटेने चढते. एके ठिकाणी तिचा चढ ३१ अंशांचा आहे. तेवढ्या तिरप्या छपरावर उभे राहणेही आपल्याला अवघड जाईल.

सप्तशृंग गडावर ट्रॉली झाल्यावर, ‘कष्टावाचून दर्शन ते कसले?’ असे म्हणणारेही निघाले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु कष्ट करण्याचे सामर्थ्य ज्यांना आहे, त्यांच्यासाठी पायऱ्या जशाच्या तशा आहेत. चैत्रात खानदेशातून माणसे उन्हातान्हात पायी चालत गडावर येतात, आणि त्यांतील पुष्कळजण पायऱ्यांनीच वर जातात. त्याच वेळी शेजारच्या रुळांवरून एक डबा वर सरकत असतो. आत काठी मांडीवर आडवी धरून म्हातारी माणसे बसलेली असतात. मध्यावर दुसरा डबा समोरून येतो. त्यातील लोकांच्या कपाळी ताजे कुंकू असते. दोन्ही डब्यांतील माणसे क्षणभर एकमेकांकडे पाहतात. वर जाणारे ओंजळ नीट सावरतात, आणि गाडी कड्याच्या सावलीत शिरते.