भुशीची माकडं आणि चित्रवही

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर माकडं जवळून दिसतात, म्हणून स्केचिंगला येणारे तिथेच वही उघडतात. माझ्या मते ती सगळ्यात वाईट जागा. कणीस नि चिक्कीची वाट बघणारं माकड फक्त माणसाच्या हातांकडे बघतं. उडी, झोंबाझोंबी, उवा वेचणं, यातलं काही तिथे धड दिसत नाही.

एकदा मीही तिथेच बसले होते. पावसाने उघडीप दिली होती. पोटाशी पिल्लू धरून बसलेल्या एका मादीचं मी रेखाटन करत होते. मागे एका पर्यटकाने कणीस पुढे केलं. दांडगा नर झेपावला, कणीस घेतलं आणि त्याच झोकात माझ्या पिशवीला हात घातला. मी पिशवी लगेच सोडली, तरी मनगटावर नख लागून रक्त आलंच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू केली. रक्त आलं असल्यास लशीसोबत सिरमही लागतं. एवढ्याशा ओरखड्याला काय होतंय, असं म्हणून हळद लावून घरी बसू नका.

बसायचं तर सकाळी, टपऱ्यांपासून लांब, झाडीच्या कडेला. खाऊ जवळ नको, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. टक लावून पाहणं आणि दात दाखवून हसणं माकडाला धमकी वाटते. नजर तिरकी ठेवा. आई आणि पिल्लाच्या मध्ये कधीही येऊ नका. ओढ्याकाठच्या खडकावरही बसू नका. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, पाणी इतक्या झपाट्याने वाढलं.

आधी पाठीची रेघ पकडा. माकड हललं की चित्र अर्धवट सोडून शेजारी दुसरं सुरू करा. तीच बैठक ते पुन्हा घेतं, तेव्हा पहिल्याकडे परत या. लाल तोंडाच्या माकडाच्या डोक्यावरचे केस भोवऱ्यातून टोपीसारखे पसरतात, आणि गालाच्या पिशव्या भरल्या की जबड्याची रेघच बदलते. काळ्या तोंडाच्या वानराला अशा पिशव्या नसतात. तो पाला खातो आणि पचवायला दुपारभर फांदीवर शेपूट सोडून बसतो. शिकणाऱ्याने सुरुवात त्याच्यापासून करावी.

आणि शेजारी कोणी कणीस पुढे करताना दिसलं, तर वही बाजूला ठेवून आधी त्याला थांबवा.