‘नाइस’ या शब्दाचा प्रवास

मुलांनो, इंग्रजीतील ‘नाइस’ हे विशेषण आज ‘छान’ या अर्थी योजतात. त्याचे मूळ मात्र ‘अज्ञ’ या अर्थाच्या ‘नेस्कियस’ या लॅटिन शब्दात आहे. सुमारे १३०० साली तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा ‘नाइस’ म्हणजे मूर्ख! पुढे त्याला ‘चोखंदळ’, ‘सूक्ष्म’ आणि अठराव्या शतकात ‘सुखद’ हे अर्थ लाभले. आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद. जेन ऑस्टिन यांनी १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत ऊठसूट ‘नाइस’ म्हणण्याची थट्टा केली आहे. जो शब्द सर्वांनाच लावला जातो, तो कोणाचेच नेमके वर्णन करीत नाही. आंबा रसाळ म्हणावा, वारा शीतल, मित्र प्रेमळ.

स्वाध्याय : ‘छान’ हा शब्द न योजता आपल्या शाळेचे वर्णन करा.